लाटणारे हात आणि विकणारा संघ



चैत्र-वैशाखाचे ऊन तापू लागले की आपल्या जिल्ह्यात, मग ते दिग्रस असो की उमरखेड, वणी असो की यवतमाळ शहरातील एखादी जुनी गल्ली, अंगणात आणि गच्चीवर जुनी लुगडी-धोतरे पसरून त्यांवर पापड, कुरडया, सरगुंडे आणि मुगवड्या वाळत घातलेल्या दिसतात. आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या घरी, अशा पाळीने पाचसात बायका पोळपाट-लाटणी घेऊन जमतात. कोणी पीठ कुटते, कोणी लाट्या तोडते, कोणी लाटते, आणि लहान मुलींना कावळे हाकायला बसविलेले असते. लाटणावळ कोणी कोणाला देत नाही. आज तुम्ही माझ्याकडे आलात तर उद्या मी तुमच्याकडे येणार, एवढाच हिशोब. घटना नाही, नोंदणी नाही, अध्यक्षीण नाही. तरी हा एक संघच आहे, आणि तो आपल्या आज्यांच्याही आधीपासून चालत आला आहे.

परंतु हा संघ घराच्या उंबरठ्याशी थांबतो. त्याच बायकांपैकी एखादीवर अडचण आली आणि तिने मनात आणले की आता हेच पापड विकून चार पैसे मिळवावे, की ती एकदम एकटी पडते. पिशवी घेऊन ती दुकानाच्या पायरीशी उभी राहते. दुकानदार पापड हातात घेऊन उजेडाकडे धरतो, भाव आपल्या मनाने सांगतो आणि वर म्हणतो, "ठेवून जा, खपले की पैसे देऊ." करण्याला दहा हात होते, विकण्याला दोनच उरले. येत्या सर्वसाधारण सभेपुढे सभासदांच्या घरगुती मालाच्या सामाईक विक्रीची सूचना यावयाची आहे. तेव्हा ह्या बाबतीत पूर्वी कोणी काय केले, कोठे साधले आणि कोठे फसले, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगावे असे वाटले.

आरंभ आपल्याच काळ्या मातीपासून करू. १८५३ सालच्या तहाने वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. तेव्हापासून कापूस हा या मुलखाचा जीव की प्राण झाला. त्या काळी आपल्या जिल्ह्याला वणी जिल्हा म्हणत. १९०५ साली पुसद तालुका जोडला गेला आणि यवतमाळ हे नाव कायम झाले. मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळपर्यंत जी लहान रुळांची गाडी विसाव्या शतकाच्या आरंभी आली, जिला पुढे सारे जण लाडाने शकुंतला म्हणू लागले, ती तरी कशासाठी आली? माणसांसाठी नव्हे, कापसाच्या गाठींसाठी. आता ती गाडी थांबली आहे. पण तिच्या स्टेशनांच्या भोवती उभ्या राहिलेल्या जिनांच्या चिमण्या कित्येकींच्या आठवणीत असतील.

ह्या कापसाच्या व्यवहारात बाईचा वाटा कोठवर होता? वेचणीपर्यंत. दिवस उगवायच्या आत ओटी बांधून रानात जायचे आणि बोटांना बोंडांची टोके टोचून घेत सरकीसकट रुई काढायची, हे काम बहुतेक बायांचेच. कापूस बंडीत भरला गेला की मात्र तो पुरुषांचा झाला. बाजारात गेल्यावर तो खुद्द शेतकऱ्याचाही राहत नसे. अडत्या, दलाल, मापारी, हमाल यांच्या हातून तो जाई, आणि प्रत्येक हाताला काही ना काही चिकटे. धर्मादाय म्हणून काही कापले जाई, नमुना म्हणून काही काढून घेतले जाई, वजनात तूट धरली जाई. कित्येक बाजारांत भाव ठरे तो रुमालाखाली बोटे दाबून. ज्याचा माल, त्यालाच तो ऐकू येत नसे!

ह्या गोंधळाला आळा घालण्याचा पहिला प्रयत्न हिंदुस्थानात झाला तो वऱ्हाडातच, ही गोष्ट आपल्याला अभिमानाची खरी. १८८६ साली कारंज्याला सरकारी हुकुमाने नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. बाजाराची जागा ठरली, दलालांना आणि मापाऱ्यांना परवाने लागले, बाजारावर देखरेखीसाठी समिती आली. पुढे इतर प्रांतांनी जे बाजार कायदे केले, त्यांनी वऱ्हाडचा कित्ता डोळ्यांपुढे ठेवला. पण ह्या कायद्यात एक मोठी उणीव राहिली होती. समितीवर भरणा होता व्यापाऱ्यांचा. पिकविणाऱ्याला तेथे बसायला जागा नव्हती म्हटले तरी चालेल. १९२६ ते १९२८ या काळात शेतीची पाहणी करणाऱ्या शाही आयोगानेही वऱ्हाडच्या पद्धतीची वाखाणणी करून नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवले. काटा खरा झाला, पण काट्याचा मालक बदलला नाही. माझ्या मते पुढच्या साऱ्या इतिहासाची किल्ली ह्या एका गोष्टीत आहे, म्हणून तिच्यावर थोडी अधिक थांबले.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र सरकारने १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली आणि सारा कापूस सहकारी पणन महासंघामार्फत घेण्यास आरंभ केला. आपल्यापैकी पुष्कळजणींनी संकलन केंद्रांपुढे लागलेल्या बंड्यांच्या रांगा पाहिल्या आहेत. तीस वर्षांनी तो एकाधिकार संपला. त्याच्या गुणदोषांची चर्चा पुरुषमंडळी चावडीवर अजून करतात. ती येथे नको. इतकेच सांगते की चुकारा निघे तो सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या नावाने, आणि सातबाऱ्यावर बाईचे नाव किती घरांत होते हे आपले आपल्याला ठाऊक आहे.

आता वर्धा नदी ओलांडून पलीकडे जाऊ. ही नदी आपली आणि वर्धा जिल्ह्याची शीव. ज्या काळात आपल्याकडचा कापूस गाठी बांधून मुंबईला आणि तेथून विलायतेला जात होता, त्याच काळात नदीपलीकडे एक अगदी उलटा प्रयोग उभा राहत होता. १९२५ च्या सप्टेंबरात पाटण्याला अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. ह्या संघाची वर्गणी पैशांत नव्हती. वरच्या वर्गाच्या सभासदाने दरमहा स्वतः कातलेले एक हजार वार सूत द्यायचे, अशी अट होती. जी हाताने काम करील तीच सभासद, हा विचार मला फार आवडतो.

चरखा संघाने विक्रीच्या बाबतीत दोन मोठ्या गोष्टी केल्या. एक, कातणाऱ्या बाईला गिऱ्हाईक शोधीत हिंडावे लागू नये म्हणून सूत तिच्या गावातच घेतले जाऊ लागले, कापूस किंवा पेळू तिला तेथेच मिळू लागले, आणि विणलेले कापड शहरोशहरीच्या खादी भांडारांत जाऊ लागले. दुसरी गोष्ट म्हणजे प्रमाणपत्र. गिरणीच्या सुताचे कापड खादी म्हणून खपविणारे दुकानदार त्या काळीही होतेच. तेव्हा संघाचे प्रमाणपत्र ज्या भांडारावर, तेथली खादी अस्सल, अशी ओळख तयार झाली. गिऱ्हाईक त्या प्रमाणपत्रावर विसंबून दोन पैसे जास्त देऊ लागले. कोणा एका कातणारणीच्या नावाला बाजारात किंमत नव्हती. हजारो कातणारणींच्या सामाईक नावाला ती आली.

१९३४ साली गांधीजी वर्ध्याला राहायला आले आणि त्याच वर्षअखेर अखिल भारत ग्रामोद्योग संघ तेथे निघाला. जमनालाल बजाजांनी आपली बाग त्यासाठी दिली. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी पडले. अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा हे संघाचे चिटणीस. घाणीचे तेल, हातसडीचे तांदूळ, गूळ, हातकागद, मधमाशा पाळणे, अशा धंद्यांचे शिक्षण आणि संशोधन तेथे चाले. १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. गावोगावच्या कारागिरांनी केलेल्या वस्तू लोकांना एका ठिकाणी पाहता याव्यात हा त्याचा हेतू. ते आजही उभे आहे आणि यवतमाळहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याजोगे आहे. मंडळाची सहल दर वेळी देवदर्शनालाच का जावी, एखादी तेथेही न्यावी. कुमारप्पांचे एक मत मात्र आपण विशेष ध्यानात घ्यावे असे आहे. गावात झालेला माल शक्यतो जवळच खपावा, दूरच्या बाजारावर गावाचे पोट अवलंबून राहू नये, असा त्यांचा आग्रह असे. आमचे लोणचे परदेशी गेले पाहिजे म्हणून जे अलीकडे सांगितले जाते, त्यापुढे हे म्हणणे जुनाट वाटेल. पण आपल्याच पेठेत आपले पापड नाहीत आणि गिऱ्हाईक परगावचा पुडा घेऊन जाते, हे पाहिले म्हणजे त्यातले मर्म पटते.

असे असूनही एक उणीव येथेही राहिली. १९३५ साली चरखा संघाने कातणाऱ्या बाईला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे असे ठरविले. खादी महाग झाली, खप घटण्याची भीती होती, तरी गांधीजी आग्रहाने त्या निर्णयामागे उभे राहिले. निर्णय उदात्त होता यात शंका नाही. परंतु तो घेतला कोणी? कार्यकर्त्यांनी आणि विश्वस्तांनी. ज्या लाखो बायांचे सूत विकले जात होते त्या बहुतेक मजुरी घेणाऱ्या होत्या. मजुरीचा दर त्यांना कळविला जाई, विचारला जात नसे. बाजार समितीत व्यापारी बसला होता, येथे साधुवृत्तीचा माणूस बसला, हा फरक फार मोठा. पण खुर्ची कातणारणीची झाली नाही.

आपल्या महाराष्ट्रातील स्त्री-संस्थांचेही असेच होते. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याला सेवासदन सुरू झाले आणि शिवण, विणकाम, परिचारिकेचे शिक्षण अशा अनेक वाटा गरजू स्त्रियांना मोकळ्या झाल्या. तोच वसा घेऊन पुढे गावोगावी महिला मंडळे निघाली आणि शिवणवर्ग चालू झाले. त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत. पण शिकविण्यावर भर राहिला. शिवणयंत्र मिळाले, प्रमाणपत्र मिळाले, आणि पुढे? पुढे ती बाई आणि तिची चार झबली, पुन्हा दुकानाच्या पायरीशी!

ह्या पायरीवरून उठून दुकानदारालाच आपल्या दाराशी आणणाऱ्या बायका निघाल्या त्या मुंबईत, गिरगावात, १५ मार्च १९५९ रोजी. लिज्जत पापड हे नाव कोणाला ठाऊक नाही? पण त्यामागची हकीकत फारच थोड्यांना ठाऊक असते, म्हणून ती जरा विस्ताराने सांगते.

गिरगावातील एका चाळवजा इमारतीत राहणाऱ्या सात गुजराती गृहिणी. शिक्षण बेताचे, हाताला येत होते ते एक पापड लाटणे. जसवंतीबेन पोपट ह्या त्यांच्यापैकी एक. छगनलाल करमसी पारेख नावाच्या समाजसेवकांकडून ऐंशी रुपये उसने घेऊन त्यांनी उडीद डाळीचे पीठ, हिंग, मिरी असे सामान आणले. गच्चीवर बसून पहिल्या दिवशी पापड लाटले ते चार पुडे भरतील इतके. ते भुलेश्वरातील एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकले. बस्स, एवढाच आरंभ. आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाचा खर्चही त्या भांडवलाहून अधिक येतो.

एक गोष्ट त्यांनी अगदी प्रथमपासून ठरविली, की तोटा आला तरी देणगी घ्यायची नाही. छगनबाप्पांनी (त्या त्यांना असेच म्हणत) दोन गोष्टी बजावल्या. हा धर्मादाय नव्हे, धंदा आहे, तेव्हा पैशापैशाचा हिशोब चोख लिहायचा. आणि दुसरी अशी: सुरुवातीला त्या बायका दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगला आणि एक स्वस्तातला हलका. बाप्पा म्हणाले, हलका बंद करा. एकच प्रत ठेवा आणि तिच्यात कधी उणे पडू देऊ नका. स्वस्त माल खपतो हे खरे, पण तो खपता खपता नाव खाऊन टाकतो. तीन महिन्यांत सातांच्या पंचवीस झाल्या. पहिल्या वर्षी एकंदर ६,१९६ रुपयांचा माल विकला गेला. मोडके पापड शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून टाकले जात; ते पुड्यात जात नसत.

पहिल्याच पावसाळ्याने त्यांना चार महिने घरी बसविले, कारण ऊन नाही तर वाळवण नाही. आपल्याला हे सांगायला नकोच. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली शेगडी ठेवायची. झाली पावसाळ्याची सोय! मोठमोठ्या योजना वाचून मन दडपून जाते. त्यापेक्षा ही खाट आणि शेगडी मला अधिक शहाणपणाची वाटते.

तिसऱ्या वर्षापर्यंत बायकांची संख्या तीनशेच्या वर गेली आणि गच्ची अपुरी पडली. तेव्हा निघाली ती व्यवस्था आजतागायत चालू आहे. पीठ मळायचे ते केंद्रावर, सगळ्यांसाठी एकच. सकाळी लवकर भगिनी केंद्रावर येतात, काल घरी लाटून वाळविलेले पापड देतात. ते तपासले जातात, तोलले जातात, लाटणावळ मिळते, आणि आजचे मळलेले पीठ घेऊन त्या घरी जातात. म्हणजे लाटणे घरोघर, पण सामान, चव, काटा, पुडा आणि नाव हे सामाईक. डाळ कोठून घ्यायची, हिंग कोणता, याची चिंता एकट्या बाईला करावी लागत नाही. ती खरेदी सगळ्यांसाठी एकत्र होते आणि म्हणून मुंबईचा पापड आणि दुसऱ्या गावचा पापड जिभेला सारखाच लागतो. वितरकाने माल उचलला की रोख पैसे मोजायचे. "खपले की देऊ" हे शब्द त्या दाराशी चालत नाहीत. लाटणाऱ्या बाईला पैसे वेळच्या वेळी द्यायचे तर माल उधार देता येत नाही, इतका हा साधा हिशोब आहे.

१९६२ साली नाव ठरविण्यासाठी स्पर्धा ठेवली. बक्षीस पाच रुपये. 'लिज्जत' म्हणजे स्वाद, हे नाव निवडले गेले. १९६६ च्या जुलैत संस्था सोसायटी म्हणून नोंदली गेली आणि त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली, भांडवलासाठी कर्जही दिले. १९६८ साली गुजरातेत वालोडला शाखा निघाली. आज ऐंशीवर शाखा आणि चाळीस हजारांहून अधिक भगिनी आहेत. २०२१ साली जसवंतीबेनना पद्मश्री मिळाली तेव्हा त्या नव्वदीच्या घरात होत्या.

पण आकडे बाजूला ठेवा. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा सभासदत्वाचा नियम. तेथे नोकर कोणी नाही. जी लाटते ती मालकीण. जात-धर्म विचारला जात नाही, प्रतिज्ञापत्रावर सही केली आणि नियम पाळले की ती भगिनी झाली. नफा-तोटा सगळ्यांचा. एकवीस जणींचे व्यवस्थापक मंडळ असते ते भगिनींमधूनच. पुरुष हिशोबनीस असू शकतो, वाहनचालक असू शकतो, सभासद होऊ शकत नाही. आरंभ केला गुजराती भगिनींनी, पण ज्योती नाईक, स्वाती पराडकर यांच्यासारख्या मराठी भगिनीही पुढे अध्यक्षपदावर आल्या. वऱ्हाडच्या बाजार समितीत आणि वर्ध्याच्या संघात जी खुर्ची रिकामी राहिली होती, तिच्यावर येथे माल करणारी बाई स्वतः बसली.

सारेच गोड झाले असे मात्र नाही. १९६१ साली मालाडला शाखा काढली ती चालली नाही. पुढे खाकरा, मसाला, पीठ हे धंदे जमले, पण काडेपेटी, अगरबत्ती आणि चामड्याच्या वस्तू काढून पाहिल्या त्या सोडून द्याव्या लागल्या. लिज्जतच्या नावाने बनावट पापडही बाजारात आले. शिवाय लाटणावळ ही शेवटी लाटण्याच्या वजनावर मिळते. जिचा हात थकला तिची मिळकत घटते. ह्या सावल्या आहेत, आणि त्या लपवून केवळ आरती ओवाळणे मला बरे वाटत नाही.

त्यानंतरची हकीकत अधिक परिचयाची आहे, म्हणून भराभर सांगते. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी मुंबईच्या गिरणगावातील खानावळवाल्या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि सावकाराच्या पाशातून सोडवून त्यांना बँकेच्या दारात उभे केले. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला महाराष्ट्र सरकारचे महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. १ एप्रिल १९९९ पासून स्वर्णजयंती ग्रामस्वरोजगार योजना आली, २०११ पासून 'उमेद' अभियान. त्याच्या पहिल्या टप्प्यातील जिल्ह्यांत आपला यवतमाळ होता. बचत गट आता गावोगावी आहेत. कापूस बुडाला, कर्ज वाढले, घरचा कर्ता माणूस खचला, अशा दिवसांत आपल्या जिल्ह्यातील कित्येक घरे बाईच्या ह्या चार पैशांवर तगून राहिली, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. त्याची नोंद कोणत्या सरकारी पुस्तकात होणार?

तरी बचत गटाच्या बायकांशी बोलताना एकच रड ऐकू येते. कर्ज मिळते, प्रशिक्षण मिळते, यंत्रही मिळते. गिऱ्हाईक मिळत नाही. वर्षातून एकदा प्रदर्शन भरते, मंडप पडतो, मुंबईच्या महालक्ष्मी सरसला काही गट जाऊन येतात, त्या आठ-दहा दिवसांत हातोहात खप होतो. मग मंडप उतरतो. उरलेले साडेअकरा महिने तीच पायरी, तोच दुकानदार. प्रदर्शन ही जत्रा आहे. रोजचा बाजार तिच्यावर चालत नाही.

२००६ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला तेव्हापासून आणखी एक अडचण उभी राहिली आहे. पुडा बांधून खाण्याची वस्तू विकायची तर नोंदणी लागते. पुड्यावर वजन, किंमत, घटक, माल केव्हाचा आणि कोणी केला, हे सारे छापावे लागते. कायदा योग्यच आहे. खाणाराच्या पोटाची काळजी कोणी तरी घ्यायलाच हवी. पण घरच्या चुलीजवळून उठून हे सारे एकटीने करणे किती जणींना झेपेल? दहा जणींच्या दहा नोंदण्या, दहा शिक्के, दहा प्रकारचे पुडे, यापेक्षा एक नाव आणि एक पुडा हे सोपे, स्वस्त आणि टिकाऊ. आणि ते नाव दुकानदाराचे नसावे, आपले असावे.

आता सभेपुढे येणाऱ्या सूचनेविषयी. आपल्याकडे खोली आहे, कपाट आहे, आणि करणारे हात तर पुष्कळच आहेत. माल करणाऱ्या सभासदांनीच विक्री समिती निवडावी. नुसते नाव लावायला प्रतिष्ठित व्यक्ती घेऊ नयेत, मग त्या कितीही भल्या असोत. उधारी कोणालाही नाही, अगदी पदाधिकाऱ्यांच्या घरीसुद्धा नाही. प्रारंभ एका जिनसेने करावा, पापडानेच करावा. पहिल्याच महिन्यात मसाले, लोणची, पिशव्या आणि राख्या असा बाजार मांडू नये. सामान एका जागी आणावे आणि पीठ एका जागी मळावे, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण प्रत्येकीच्या घरच्या हाताची चव निराळी आणि प्रत्येकीला वाटते आपलीच बरी.

या सर्वांत कठीण काम निराळेच आहे. गिरगावच्या त्या केंद्रावर रोज सकाळी कोणी तरी एक भगिनी पापड हातात घेऊन पाहते आणि जाड, ओला किंवा वेडावाकडा असेल तर परत देते. ती परत देते ती तिच्याच शेजारणीला, तिच्याच बरोबरीच्या मालकिणीला. आपल्या गल्लीत हे कोण करणार? ज्या काकूंनी आपल्या मुलीच्या लग्नात रात्र रात्र जागून रुखवत केले, त्यांचा डबा "काकू, हे पुड्यात जाणार नाहीत" म्हणून परत कोणी द्यायचा? आणि त्यांनी तो राग न धरता कसा घ्यायचा? सभेच्या सूचनापत्रात चिटणीस, खजिनदार आणि खरेदी पाहणारी, अशा तीन जागांसाठी नावे आली आहेत. माल तपासणाऱ्या भगिनीच्या जागेपुढे हा मजकूर छापायला जाईपर्यंत कोणाचेही नाव आलेले नाही.